चार सिलिंडर, एक नळी

पाटोद्याच्या गॅरेजांत हल्ली एक मागणी कानावर येते. “मामा, गाडीला डबल सायलेन्सर बसवायचाय. दोन्ही बाजूंनी नळ्या निघाल्या पाहिजेत.” मागणारा पोरगा विशीतला, फार तर पंचविशीतला. गाडी बहुधा जुनी डिझेल स्विफ्ट, नाहीतर डिझायर. पुण्याच्या पासिंगची, एक-दोन मालकांच्या हातून उतरून बीड जिल्ह्यात आलेली. एखादी स्कॉर्पिओही असते. मिस्त्री गाडीखाली वाकून बघतो, पाइपचं माप घेतो, वेल्डिंग आणि मजुरीचा हिशोब सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला दुसऱ्या नळीचं काम काय, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला हवा, कारण या कामात जाणारा पैसा कष्टाचा असतो. चाकण-रांजणगावच्या पाळ्या करून, नाहीतर घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेला. आणि पोराची हौसही खरी असते. पाटोदा हा बालाघाटच्या पठारावरचा तालुका. मांजरा नदी इथं उगम पावते आणि पाणी पुढं दुसऱ्यांना देत जाते. इथल्या वाट्याला कोरडवाहू जमीन आणि दिवाळीनंतरची ऊसतोड. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडलं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाचं सगळं येणं-जाणं रस्त्यावरच चाललं. अशा गावात दारात चारचाकी उभी राहणं ही घराच्या इतिहासातली मोठी घटना असते. ती चारचौघांत उठून दिसावी, ऐकू यावी, असं वाटणाऱ्या पोराला हसण्यात अर्थ नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी गाडी कोणती ते पाहू. पाटोदा-जामखेड-बीड पट्ट्यात जुन्या बाजारातून आलेल्या डिझेल गाड्यांपैकी पुष्कळशा गाड्यांत एकच इंजिन आहे: फियाटचं १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं मल्टिजेट. २००६च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर कमी केला. त्या मापात हे इंजिन बरोबर बसलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच. आपल्याकडची पोरं ज्या रांजणगावला कामाला जातात, तिथल्या फियाट-टाटाच्या कारखान्यात ते तयार व्हायचं. मारुतीनं ते परवान्यावर हरियाणात बनवलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि मारुतीनं डिझेल बंद केलं. २०२४च्या नव्या स्विफ्टला पेट्रोल इंजिनही तीन सिलिंडरचंच आलं. त्यामुळं जुन्या बाजारात ‘चार सिलिंडर’ हा आता अभिमानानं सांगायचा गुण झालाय. त्या अभिमानातूनच पुढचं गणित मांडलं जातं: सिलिंडर चार, म्हणजे धूर जास्त, म्हणजे नळ्या दोन हव्यात.

गणित चुकतं ते इथंच.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच धूर बाहेर टाकतो. चौघांत ७२० वाटले की दर १८० अंशांनी एकाची पाळी येते. बहुतेक गाड्यांत क्रम १-३-४-२ असा असतो. पहिला सिलिंडर धूर ढकलत असताना दुसरा हवा आत घेत असतो, तिसऱ्यात जाळ झालेला असतो आणि चौथा हवा दाबत असतो. चार माणसं घरातून एकामागून एक बाहेर पडत असतील, तर भिंत फोडून दुसरं दार काढल्यानं कोणाची गैरसोय मिटते? गर्दी मुळात नव्हतीच.

अर्थात काटेकोर बोलायचं तर धुराचा व्हॉल्व्ह १८० अंशांपेक्षा जास्त वेळ उघडा असतो, साधारण २४० अंशांच्या आसपास. म्हणजे एकाचं संपता संपता पुढच्याचं सुरू झालेलं असतं आणि थोडा वेळ दोघांचा धूर एकाच वेळी नळीत असतो. नव्यानं उघडलेल्या सिलिंडरचा जोराचा दाब, चौघांच्या नळ्या जिथं जुळतात त्या मॅनिफोल्डमध्ये मागं पसरून जुन्याच्या उरल्यासुरल्या धुराला अडवू शकतो. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा अशा जोड्या लावायच्या. या जोड्यांतल्या दोघांच्या पाळ्यांत ३६० अंशांचं अंतर असतं, म्हणून ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. चारांच्या दोन नळ्या आणि पुढं दोनाची एक. गॅरेजवाले याला ‘फोर-टू-वन हेडर’ म्हणतात. दोन वाटांची गरज असलीच तर ती इथं, इंजिनाला चिकटून, हातभर लांबीत असते. टर्बो गाड्यांतही हेच तत्त्व वापरतात. ज्याला ट्विन-स्क्रोल टर्बो म्हणतात, त्यात पहिल्या-चौथ्याचा धूर एका वाटेनं आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा दुसऱ्या वाटेनं टर्बाइनच्या पात्यांपर्यंत नेतात. जपानी रॅलीच्या गाड्यांनी, मित्सुबिशीच्या इव्होसारख्यांनी, त्यावर नाव कमावलं. पण टर्बो ओलांडल्यावर तिथंही नळी एकच.

नळीतला धूर कसा वाहतो हे कळलं की पुढचं सोपं जातं. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून चांगला दाब शिल्लक असतो. तो सुटतो तो धक्क्यासारखा. त्या धक्क्याच्या मागोमाग कमी दाबाची पोकळी येते. नळीची लांबी आणि माप जमलेलं असेल, तर ती पोकळी पुढच्या धुराला ओढून घेते. इंजिनाला धूर ढकलायला कमी जोर लावावा लागतो आणि ताजी हवा जास्त भरते. यासाठी धुराचा वेग टिकावा लागतो. नळी गरजेपेक्षा मोठी केली, किंवा एकीच्या दोन केल्या, तर तोच धूर जास्त जागेत पसरतो, सावकाश होतो, लवकर थंड होतो, आणि ती ओढ मंदावते. कमी आरपीएमवरचा पिकअप पडतो तो त्यामुळं. पुष्कळ मिस्त्री सांगतात, “इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच.” त्यांचा अनुभव बरोबर आहे, कारण वेगळं आहे. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वेग.

आकड्यांत सांगतो. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमवर पूर्ण ताणलं, तर मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा आत ओढतं. ती जळून बाहेर येते तेव्हा मागच्या नळीत तिचं तापमान ५०० अंशांच्या आसपास धरलं, तर आकारमान अडीच पटींहून जास्त होतं. म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ लिटर. आतून ४२ मिलिमीटर व्यासाच्या एका साध्या नळीतून तो जाताना वेग भरतो सेकंदाला ११० मीटरच्या वर, ताशी ४०० किलोमीटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण एवढ्या गरम वायूत ध्वनीचा वेग त्याच्या जवळपास पाचपट असतो. नळी गुदमरायला त्याच्या बरंच जवळ जावं लागतं. आणि हा हिशोब शेवटच्या टोकाचा आहे. पाटोदा ते मांजरसुंबा या रस्त्यावर ६००० आरपीएमला गाडी चालवतो कोण? २००० आरपीएमला, अर्ध्या-मुर्ध्या ॲक्सिलरेटरवर त्या नळीची बरीचशी जागा रिकामीच असते. मग दुसरी कशासाठी जोडायची?

आणखी एक साधा हिशोब वेल्डिंगवाल्यांना लगेच पटतो. दीड इंची दोन नळ्यांनी जेवढी जागा मिळते, तेवढी सव्वादोन इंचाहून थोड्या कमी व्यासाच्या एका नळीतून मिळते. पण दोन नळ्यांचा घेर त्या एकीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भरतो. म्हणजे पत्रा जास्त, वजन जास्त, धुराला घासायला भिंत जास्त, गंजायला पृष्ठभाग जास्त. फायद्याच्या रकान्यात काहीच नाही.

डिझेल टर्बोच्या गाडीत तर मागच्या नळीला आणखी कमी किंमत आहे. तिथं धुराच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे खुद्द टर्बाइन. तो अडथळा कामाचा आहे, तोच टर्बो फिरवतो. त्याच्या पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बीएस-६ गाडीत काजळी पकडणारा डीपीएफ. यांच्या मागं तुम्ही नळी एक लावा, दोन लावा, ७५ अश्वशक्तीच्या मल्टिजेटला फरक कळणारही नाही. कळतो तो फक्त चालवणाऱ्याच्या कानाला. आवाज वाढला की गाडी जोरात धावल्यासारखी वाटते. घड्याळ लावून मोजलं की तो जोर सापडत नाही.

*

मग दोन नळ्यांची ही ओढ आली कुठून? तिची मुळं दोन आहेत. एक सातासमुद्रापलीकडचं आणि दुसरं अगदी आपल्या अंगणातलं.

अमेरिकेत फोर्डनं १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशी व्ही-८ गाडी बाजारात आणली. व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकलेल्या. प्रत्येक रांगेचा मॅनिफोल्ड वेगळा, गाडीच्या दोन बाजूंना. तिथल्या हौशी पोरांनी जुन्या फोर्ड घेऊन त्यांना प्रत्येक रांगेची स्वतंत्र नळी काढली. त्यात तर्क होता: इंजिनच दोन बाजूंचं, मग वाटाही दोन. पुढं अमेरिकी व्ही-८चा तो जड, गडगडणारा आवाज सिनेमांनी जगभर नेला. तो आवाज नळ्यांमुळं येत नाही, इंजिनामुळं येतो. त्या इंजिनाच्या क्रँकची रचना अशी असते की एका रांगेतल्या चार सिलिंडरांच्या पाळ्या समान अंतरानं येत नाहीत. दोन जवळ, एक लांब. ती अडखळ म्हणजेच तो गडगडाट. आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या पाळ्या सारख्या अंतरानं येतात. ३००० आरपीएमला सेकंदाला बरोबर १०० ठोके. दोन काय, चार नळ्या लावल्या तरी त्यातून व्ही-८ बोलणार नाही.

दुसरं मूळ मला जास्त जवळचं वाटतं: यझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून जावा आणि पुढं यझदी बनवल्या. १९९६ला कारखाना बंद पडला. आज पन्नाशी-साठी पार केलेल्या मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, गावात एखाद्या गुरुजींची, ग्रामसेवकाची, नाहीतर दूधवाल्याची तरी यझदी असायचीच. तिला दोन्ही बाजूंनी दोन सायलेन्सर. तेवढ्यावरून पुष्कळांचा समज असायचा की ही दोन सिलिंडरची गाडी. प्रत्यक्षात सिलिंडर एकच, २५० सीसीचा, टू-स्ट्रोक. त्या एका सिलिंडरलाच धूर बाहेर पडायची दोन छिद्रं होती आणि प्रत्येकाची नळी वेगळी. चेकोस्लोव्हाकियातल्या मूळ जावाचीच ती रचना. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली गेला की सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं उघडतात. त्यामुळं धुराचं दार दोन ठिकाणी ठेवणं तिथं एका इंजिनाच्या आराखड्याचा भाग होतं. २०१८ला जावा पुन्हा बाजारात आली, आता फोर-स्ट्रोक होऊन, तरी कंपनीनं एका सिलिंडरला दोन नळ्या ठेवल्याच. लोकांच्या डोळ्यांत ती गाडी तशीच होती. याच्या उलट राजदूत ३५०. एस्कॉर्ट्‌सनं यामाहाच्या परवान्यावर १९८३ पासून काढलेली. तिला खरोखर दोन सिलिंडर होते आणि प्रत्येकाची नळी स्वतंत्र.

म्हणजे दोन नळ्या पाहून ताकदीचा अंदाज करायची सवय आपल्याला आजोबांच्या यझदीपासूनची आहे. पोरानं ती इंटरनेटवरून उचलली असं म्हणून त्याला बोल लावण्यात काही हशील नाही.

गाडीच्या कंपन्यांना ही ओढ पक्की ठाऊक आहे. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनला मागं दोन तोंडांचा सायलेन्सर आहे आणि इंजिन आहे एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. क्रेटा एन लाइनलाही दोन तोंडं. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, या चार सिलिंडरच्या नावाजलेल्या गाड्यांना मागं डावी-उजवीकडं दोन तोंडं दिसतात. पण गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहिली की इंजिनापासून मागच्या सायलेन्सरपर्यंत एकच नळी आलेली दिसते. शेवटच्या डब्यात तिचे दोन फाटे होतात. काही गाड्यांत तर बंपरवरची चकचकीत तोंडं नुसती शोभेची असतात, खरी नळी आत खाली वळलेली असते. यात मला गैर वाटत नाही. गाडी देखणी असावी. फक्त देखणेपणाला देखणेपणा म्हणावं, त्याला पिकअपचं नाव देऊ नये.

*

आता आवाजाबद्दल. इथं मात्र मला गावाची बाजू घ्यायची आहे.

दोन नळ्या केल्यानं आवाज आपोआप वाढत नाही. धूर दोन वाटांत विभागतो, आवाजाची ऊर्जाही विभागते. दोन्ही डबे चांगले असतील तर एकूण आवाज साधारण तेवढाच राहतो. आवाज वाढतो तो डब्याच्या आतलं काढल्यामुळं. बुलेटवाल्यांची भाषा सगळ्यांना माहीत आहे: पुंगळी काढणे. सायलेन्सरच्या पोटात पडदे असतात, भोकांच्या नळ्या असतात, काहींत काचेच्या लोकरीचं भरण असतं. पडदे आवाजाच्या लाटेला परत फिरवून तिलाच तिच्यावर आदळवतात, लोकर लाटेची उष्णता करून टाकते. हे सगळं उपसून रिकामी नळी ठेवली की उरतो तो इंजिनाचा उघडा धडाका. चारचाकीला ‘डबल’ करताना सहसा असंच होतं. मूळ डबा कापून टाकतात आणि त्या जागी दोन स्वस्त, पोकळ डबे बसवतात.

कंपनीतून निघताना प्रवासी गाडीला आवाजाची मर्यादा आहे ७४ डेसिबल, एप्रिल २००५ पासून. गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटरवर माइक ठेवून ती मोजतात. हे काम आपल्या राज्यात दोन ठिकाणी चालतं: पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, जी १९६६ साली स्थापन झाली, आणि अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईमध्ये. पाटोद्याहून नगरला जाणाऱ्या माणसाला त्या आवाराची भिंत माहीत असते. तिथं रणगाड्यांपासून मोटारींपर्यंत वाहनांच्या चाचण्या होतात. एका सायलेन्सरच्या पोटातल्या पडद्याची जागा ठरवायला अभियंत्यांनी किती घासून काम केलेलं असतं, ते पत्र्याच्या त्या डब्याकडं पाहून कळत नाही. कटरनं तो दहा मिनिटांत निघतो.

डेसिबलचं मापही समजून घ्यायला हवं. ते बेरजेनं चढत नाही, पटीनं चढतं. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट आणि कानाला जाणवणारा आवाज साधारण दुप्पट. ७४ची गाडी ९४ला गेली तर कानाला ती चौपट वाटते. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल; दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरांत ४०. पाटोद्यात एसटी स्टँड, शाळा, दवाखाना, बाजार यांत अंतर फारसं नाही. कोणत्याही रस्त्यानं गाडी नेली तरी ती कुणाच्यातरी उशापासून जाते. दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर गेलेलं असतं तेव्हा मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. रात्री दहाला घुमत जाणारी गाडी त्यांच्या घरांवरून जाते, हे गाडीतल्या पोराला एरवी कुणी सांगितलं तर तोही मान्य करील. त्याचीच आजी त्यात असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे, आणि तो बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केला तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन अपात्र. १९८९च्या केंद्रीय नियमांतला एक नियम तर डबल सायलेन्सरवाल्यानं वाचायलाच हवा. नियम ११२ म्हणतो की गाडीचा धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही. मागं किंवा उजवीकडं सोडायचा. कारण उघड आहे: आपल्याकडं गाडी डावीकडून चालते आणि पायी जाणारा माणूस डाव्या कडेला असतो. नळीचं तोंड डाव्या चाकामागून आडवं काढण्याची फॅशन थेट त्याच्या तोंडावर धूर सोडते. पुढच्या नियमात इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत धूरनळी नसावी असं आहे. मूळ आराखड्यात एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला डिझेलची लाइन असते. दुसरी नळी ओढताना ती नेमकी तिथूनच न्यावी लागते.

राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोड रोलर फिरवला. त्या चित्रांवर टाळ्या पडतात. मला ती पुरेशी वाटत नाहीत. पुंगळी काढणारा गॅरेजवाला आणि ती विकणारा दुकानदार त्या रोलरच्या वाटेत कधी येत नाही, आणि पोराला कुणी समजावून सांगितलेलं नसतं की त्यानं नेमकं काय गमावलं.

*

पाटोद्याच्या रस्त्याची आणि हवेची काही खास गाऱ्हाणी आहेत, ती शहरातल्या दुकानदाराला ठाऊक नसतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. वाफ होऊन ते नळीतून जातं. गाडी लांब पळाली तर नळी तापून कोरडी होते. गावातल्या गावात, घर ते बाजार, बाजार ते शेत अशी चालली तर ती वाफ डब्यात थंड होऊन साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. दोन डबे केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी उष्णता येते. दोन्ही ओले राहतात, दोन्ही लवकर सडतात. सौताड्याच्या घाटातली वळणं, गावोगावचे ओबडधोबड गतिरोधक, शेतातल्या वाटांवरचे दगड: गाडीखाली आणखी एक नळी लोंबवली की ती आणखी एका ठिकाणी आदळणार. सुगीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला, खळ्यावर, कडब्याच्या आणि सोयाबीनच्या भुसाच्या शेजारी गाडी उभी राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येक शे अंशांना तापलेला असतो. कंपनीनं त्याखाली आणि भोवती उष्णता अडवणारा पत्रा दिलेला असतो. नळी बदलताना तो काढून टाकतात. वाळलेल्या पाचोळ्याला एवढं पुरतं.

कन्व्हर्टरच काढून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियमसारखे महाग धातू असतात, त्यामुळं काढणाऱ्याला त्यात रस असतो. पेट्रोल गाडीत तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच तक्रार करतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, आणि पीयूसीची पंचाईत होते. पुढं विम्याचा दावा करायची वेळ आली तर न कळवता केलेला प्रत्येक बदल आडवा येऊ शकतो.

मग दोन नळ्या कुठं शोभतात? जिथं सिलिंडरांच्या दोन रांगा आहेत, व्ही-६ किंवा व्ही-८, तिथं. जिथं इंजिन एवढं मोठं आहे की एका पुरेशा मोठ्या डब्याला गाडीखाली जागाच नाही, तिथं. आणि जिथं कंपनीनंच एका नळीचे शेवटी दोन फाटे करून मंजुरी घेऊन दिलेत, तिथं. चार सिलिंडरच्या घरगुती गाडीत नाही. शंभरेक अश्वशक्तीपर्यंत पावणेदोन ते दोन इंची एक नळी भरपूर होते. दीडशेच्या घरात सव्वादोन. सायलेन्सर सडलाच असेल तर कंपनीच्याच मापाचा, परवडत असेल तर स्टेनलेसचा बसवावा. मागं चकचकीत तोंड हवंच असेल, तर मूळ नळीवर चढवायचं टोक मिळतं. त्यानं काही कापावं लागत नाही.

पिकअप कमी झाल्याची तक्रार खरी असेल, तर तिचं कारण बहुधा नळीच्या दुसऱ्या टोकाला सापडतं. धुळीनं गच्च झालेला एअर फिल्टर, काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह, थकलेले इंजेक्टर, टर्बोच्या रबरी होजला पडलेली चीर, घसरणारी क्लच प्लेट. आमच्या भागात धूळ एवढी की फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीआधीच बघावा लागतो. डबल सायलेन्सरच्या पैशात यातली बरीच कामं होतात आणि उरलेल्यात टायर येतात.

मिस्त्रीमामांना एक विनंती आहे. पोरगा डबलची मागणी घेऊन आला तर नाही म्हणून परत पाठवू नका, आणि हो म्हणून कटरही उचलू नका. गाडी चालू करायला लावा, मागच्या तोंडावर क्षणभर जाड फडकं धरा आणि जोडांतून फुसफुस येते का ते त्याला स्वतः ऐकू द्या. मॅनिफोल्डची पॅकिंग, फ्लँजचे बोल्ट, जोडावरचे काजळीचे काळे डाग त्याला दाखवा. जुन्या गाड्यांत यातलं काही ना काही सुटलेलं असतंच.

हे काम या दिवाळीत खास करून घ्यायला हवं. आता कारखाने पेटतील आणि पाटोदा, शिरूर, आष्टीतून टोळ्या निघतील. मुकादमांच्या, मजुरांच्या जुन्या गाड्या लेकरंबाळं घेऊन सांगली-कोल्हापूरपर्यंत रात्रभर चालतील, थंडीमुळं काचा बंद करून. गाडीखालच्या फुटक्या जोडातून सुटणारा कार्बन मोनॉक्साइड खालच्या पत्र्याच्या भोकांतून आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि झोपलेल्याला कळत नाही. निघण्याआधी गाडी एकदा खड्ड्यावर घ्या, नळीचा प्रत्येक जोड तपासा, फुटका असेल तो त्याच दिवशी भरून घ्या, आणि वाटेत कुणाचं डोकं धरलं तर आधी काचा खाली करा.